हिंचक्याचा रंग का उडतो? बडोद्याच्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

बडोद्यात उन्हाळ्याची तयारी कुणाला शिकवावी लागत नाही. एप्रिल लागला की पडदे ओढले जातात आणि दुपारी बारा ते चार घर अंधारात बसतं. तरीही सोफा फिका पडतो, हिंचक्याचा (झोपाळ्याचा) मरून रंग विटतो. याचं एक मोठं कारण हिवाळ्यात आहे. थंडीत कोवळं ऊन हवं म्हणून दक्षिणेची गॅलरी दिवसभर सताड उघडी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत सूर्य खाली असतो.

आपलं शहर साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या दारावर लहानसा छज्जा असला तरी पुरतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांच्या आसपासच चढतो. सात फुटी दारातून ऊन तेव्हा जवळपास सात फूट आत येतं. दोन फुटांचा छज्जा असला, तरी पाच फूट येतंच. हिंचका बहुतेक घरांत तिथेच टांगलेला असतो. म्हणून डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा, ऊन कुठवर येतं तिथे फरशीवर खडूने रेघ मारून ठेवा. सामान कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरवा.

पश्चिमेच्या खिडकीचं गणित वेगळं. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा तिथे काहीच करत नाही. तिथे बांबूची चिक (गुंडाळता येणारा पडदा) हवी, आणि तीही काचेच्या बाहेरून. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ताप घरात शिरलेला असतो.

"काच बंद आहे, मग काय होणार?"

हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते; त्यांतले लांब लहरींचे किरण सरळ आत येतात. शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतो. खोली थंड आहे, एसी चालू आहे, म्हणून कापड सुरक्षित असं मुळीच नाही. वस्तुसंग्रहालयांत कापड आणि कागदावरच्या नाजूक चित्रांवर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) इतकाच प्रकाश पडू देतात. भर उन्हात तो लाखभर लक्सपर्यंत जातो. देवघराशेजारी रविवर्म्याची जुनी छापील चित्रं लावली असतील, तर ती खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढा आणि खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीवर लावा. तिथे थेट ऊन पडत नाही.

काचेला फिल्म लावताना काळा रंग पाहून भुलू नका. गडद फिल्म अतिनील किरण अडवेलच असं नाही, आणि चांगली पारदर्शक फिल्म ते जवळजवळ सगळे अडवते. पत्रकावर अतिनील किरण किती टक्के अडतात ते वाचूनच घ्या. फिल्म लावल्यावरही रंग उडतो, फक्त सावकाश, त्यामुळे पडदा काढून टाकू नका.

संखेड्याच्या फर्निचरवर सुताराचा हात

गुजरातमधल्या संखेडा गावचा, लाखकामाचा हिंचका किंवा खुर्च्या असतील तर इथे जरा थांबून वाचा. सागाचे गोल पाय आणि दांडे खरादावर (लेथवर) फिरवून त्यावर लाख चढवलेली असते. सोनेरी दिसणारी नक्षी त्या लाखेच्या खाली असते. लाख तापली की मऊ पडते, आणि स्पिरिट लागलं की विरघळते. चमक गेली म्हणून नेहमीच्या सुताराला बोलावलं आणि त्याने पॉलिश पेपर मारला, तर लाखेबरोबर नक्षीही जाते. ती घरी परत आणता येत नाही. थिनर नको, स्पिरिट पॉलिश नको. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा आणि दुरुस्तीसाठी संखेड्याच्या खरादी कारागिरालाच दाखवा. ढेकणांच्या भीतीने गादीला ऊन दाखवतो तसं या खुर्च्यांना गच्चीवर ऊन दाखवायची सवय काही घरांत आहे, ती आजच बंद करा.

खोबरेल किंवा अळशीचं तेल चोळणं ही दुसरी लाडकी चूक. लाकूड दोन दिवस तजेलदार दिसतं, पण तेलाने ऊन अडत नाही; त्यावर धूळ मात्र बसते आणि चिकट थर होतो. रेक्झिनच्या सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून तो उन्हात ठेवणंही वाईट, कारण आत ताप कोंडतो आणि रेक्झिन कडक होऊन तडकतं. सनमायकाच्या कडा उन्हाने सुटू लागल्या, तर आधी कपाट हलवा, मग फेविकॉल काढा. टेबलावर क्रोशाचा रुमाल वर्षभर एकाच जागी असेल तर त्याची नक्षी लाकडावर उमटते. महिन्याकाठी तो सरकवा, उश्या उलटा, सोफ्याची बाजू बदला.

रंग गेला की फक्त चमक गेली?

साध्या पॉलिशच्या सागावर हे घरीच कळतं. आधी रुमाल उचलून किंवा कपाटामागे बघून मूळ रंग पाहून घ्या. मग फिक्या भागावर, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, टर्पेन्टाइनने किंचित ओला केलेला बोळा फिरवा (खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून दूर). ओलं असताना रंग मूळ रंगाइतका गडद दिसला तर लाकूड शाबूत आहे, वरचं पॉलिश झिजलंय. नवा हात दिला की काम होईल. ओलं असतानाही फिकं दिसलं, तर रंगच उडालाय. तो भाग घासून, पुन्हा रंग देऊन मग पॉलिश करावं लागेल. नव्या पॉलिशसाठी अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मागा, आणि कारागीर कामाला लागण्याआधी त्या खिडकीला चिक लावून घ्या.

सोफ्याचं कापड एकदा उडलं की धुऊन परत येत नाही. नवं घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, अर्धा पुठ्ठ्याखाली झाका आणि सोफा जिथे येणार तिथे महिनाभर ठेवा. दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर दुसरं कापड बघा. गडद लाल आणि जांभळ्या छटांची ही परीक्षा आवर्जून घ्या.