मेडलची कड आधी वाचा

खेडच्या बाजारपेठेत आमचं सोनाराचं दुकान आहे. खाडीपट्ट्यातून, वरच्या वाड्यांतून माणसं आजोबा-पणजोबांना इंग्रजांच्या फौजेत मिळालेले बिल्ले, म्हणजे मेडलं, घेऊन येतात आणि विचारतात, "चांदी किती निघेल?" १९८० च्या सुमाराला चांदी कडाडली तेव्हा असे कितीतरी बिल्ले मुशीत गेले. माझं सांगणं एवढंच, आधी कड वाचा.

कस बघताना सोनार वस्तूची कड कसोटीवर घासतो, आणि शिपायाचं नाव नेमकं त्याच कडेवर ठोकलेलं असतं. नंबरातले दोन आकडे जरी पुसले तरी पुढचा शोध खुंटतो. म्हणून मेडल कुणाच्याही हातात देताना आधीच बजावा की कस लावू नका. चिंच, राख, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. काळपटपणा राहू द्या.

वाचायचं कसं? खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी कडेला आडवी धरा. तिरप्या उजेडात अक्षरं सावलीने उठून दिसतात. फारच झिजली असतील तर बोटाने थोडी टाल्कम पावडर फिरवून वरची फुंकून टाका. खाचेत पांढरं उरतं. मेडल थोडं थोडं फिरवत फोटो काढा. जे दिसतं ते तसंच वहीत उतरवा, स्पेलिंग सुधारू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, आणि पुढे यादीत तेच स्पेलिंग सापडायची शक्यता जास्त.

कोकणात सगळ्यात जास्त दिसतं ते पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, वजन अडीच तोळ्यांच्या थोडं वर, एका बाजूला इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ ही सालं. हेच चित्र काशाच्या मेडलवर असेल तर त्याला कमी लेखू नका. ती मजूर पथकांतल्या माणसांना दिलेली आहेत आणि चांदीच्यापेक्षा क्वचित मिळतात. पंखवाल्या देवीचं व्हिक्टरी मेडल आणि तलवारींचा चारटोकी तारा ही त्याच्या जोडीची. ताऱ्याचं नाव मात्र कडेवर नाही, पाठीवर असतं.

एका मावशींनी आजेसासऱ्यांचं मेडल आणलं होतं. घरात एवढंच माहीत, की ते "बसऱ्याला" गेले होते. उजेडात धरलं तर नंबर, शिपाई, नाव आणि शेवटी "११०-मराठा एल. आय.", म्हणजे लाइट इन्फंट्री. हे शेवटचं, पलटणीचं नाव, सर्वात मोलाचं. ११० वी मराठा पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होती, तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली तेव्हा हीच पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे याच बटालियनचे; १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. मावशींना हे सांगितल्यावर मेडल परत पदराच्या गाठीत गेलं. १११ महार असं कोरलेलं दिसलं तर मेडल फार जपा. ती पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली.

नंबर एकट्याने काही सांगत नाही. तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्या माणसाचा असतो, म्हणून नंबर आणि पलटण जोडीनेच शोधा. माणूस लढाईत मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिथे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका मिळतो. जिवंत परतलेल्यांची नावं तिथे नसतात. त्यांच्यासाठी घरातली ट्रंक उघडा: डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचा कागद. काही गावांत "या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले" असा संगमरवरी दगड आहे. त्यावर नावं नसली तरी आकडा असतो.

विकत घेत असाल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजायची पट्टी, लावा. व्यास ३६ पेक्षा कमी भरला, किंवा कड एका जागी चपटी लागली, तर जुनं नाव कानशीने घालवून दुसरं कोरलंय असं समजा.

खलाशांच्या काशाच्या मेडलवर, म्हणजे मागे बुडती पाणबुडी असलेल्या, फक्त नाव असतं. तिथे जहाजाची डिस्चार्ज बुकं, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या वह्या, शोधल्याशिवाय इलाज नाही. मेडलाऐवजी जुन्या रुपयांची माळ असेल, तर नाण्यावरचं साल पाहून माळ त्याच सालची असं मात्र ठरवू नका. १८६२ छापलेले राणीचे रुपये पुढे कितीतरी वर्षं तेच साल घालून पाडले जात होते. माळ त्यातल्या सर्वात नव्या नाण्याच्या आधीची नसते, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आणि "ईस्ट इंडिया कंपनी १८१८", वर हनुमान किंवा रामदरबार, असा पितळी तुकडा कुणी "तांदूळ ओढतो", म्हणजे त्यात चमत्कारी शक्ती आहे, असं सांगून लाखांत विकायला आणला, तर त्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. कंपनीच्या मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे. हनुमान कधीच नव्हता.