दुसऱ्या महायुद्धातली फ्रेंच हेर मार्थ कोन हिचं एकपात्री बसवताना
इंदुरातल्या गणेशोत्सवात हे ८ मिनिटांच्या वर नेऊ नका. शेजारच्या मंडपातला ढोल सुरू झाला की कुजबुज मेलीच. गुपित आवाजाने नाही, थांबण्याने दाखवा. प्रसंग एकच घ्या: एप्रिल १९४५, स्वित्झर्लंडची हद्द. फ्रान्समधल्या मेट्झमध्ये जन्मलेली, पंचविशीतली ही ज्यू परिचारिका फ्रेंचांसाठी हेरगिरी करायला जर्मनीत शिरते. खोटं नाव 'मार्था उल्रिख', बहाणा हरवलेल्या वाग्दत्त वराच्या शोधाचा. पहारेकरी पाठमोरे होईपर्यंत २० सेकंद झुडपाआड. इथे मुली हमखास घाई करतात, मनात आकडे मोजायला लावा. तिच्या हातातल्या बॅगेत ४ किलो रद्दी भरा. रिकामी बॅग चालीवरून लगेच कळते. नाझी चिन्ह मात्र टाळाच, बाप्पासमोर ते लोकांना स्वस्तिकच वाटणार.