जुना नंबर सोडताना

नवीन नंबर घेतला तेव्हा वाटलं, कॉल वळवले की झालं. जुन्या सिमवरून *21*, पुढे नवा नंबर आणि # असं डायल केलं, सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. कॉल व्यवस्थित येत होते. दोन दिवसांनी बँकेच्या ॲपमध्ये शिरायला गेलो, तर ओटीपी काही येईना! कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मग ड्रॉवर उपसून सिम शोधलं (पेनांच्या टोपणांखाली सापडलं), फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं आणि ##21# डायल करून कॉल वळवणं बंद केलं. नेट फक्त नव्या सिमवर ठेवलं.

आधी बँक, मग ईमेल. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधल्या ‘नंबर बदला’ पर्यायाने ग्रुप टिकले. नवं खातं उघडलं असतं तर सगळ्यांतून बाहेर पडलो असतो. पुढे जुन्या नंबरवर एखादा ओटीपी आला, की लगेच त्या ॲपमध्ये जाऊन नंबर बदलायचो. तीन विसरलेली खाती अशीच सापडली.

बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, म्हणून जुन्या सिमचं रिचार्ज अजून चालूच ठेवलंय.