गाडी पेट्रोल पितेय, पण पाजतंय कोण?

काळा धूर, डोळ्यांना झोंबणारा पेट्रोलचा वास, ढासळलेलं अ‍ॅव्हरेज. माझ्या जुन्या इंजेक्शनवाल्या गाडीत हे तिन्ही सुरू झालं तेव्हा मी बहुतेक जण करतात तेच केलं, ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सर पाइपमधल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते सांगणारा) बदलला. फरक शून्य. नवाच खराब निघाला असेल म्हणून दुसरा बसवला. खरा पुरावा वीतभर रबरी नळीत होता आणि तो बघायला पाच मिनिटंही लागली नसती.

आता मी सुरुवात स्पार्क प्लगपासून करतो. सगळे काढून सिलिंडरच्या क्रमानेच ओळीत ठेवा. सगळ्यांवर कोरडी, मखमली काजळी असेल तर कारण सगळ्या सिलिंडरना मिळून आहे. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) गळतोय किंवा तिथली ठिणगी कच्ची आहे. काळेपणा ओला, तेलकट असेल तर ऑइल जळतंय. तो आजार वेगळा.

मग ती नळी. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, पेट्रोलचा दाब सांभाळणारा प्रेशर रेग्युलेटर असतो आणि त्यावरून व्हॅक्यूमची बारीक नळी मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपकडे, जाते. गाडी थोडी चालवा, बंद करा, इंजिन निवलं की नळी उपसून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल इंजेक्टरला वळसा घालून थेट इंजिनात जातंय. (जवळपास ज्योत, ठिणगी काही नको. हे सांगावं लागू नये, पण सांगतो.) नळी कोरडी असेल तर प्रेशर गेज लावा. पुष्कळ गाड्यांत नळी काढलेली असताना अडीच ते तीन बार दिसतं, जोडली की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण अर्धा बार उतरतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. उतरतच नसेल तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा रेग्युलेटर गेलाय. मुळातच जास्त असेल तर रिटर्न लाइन कुठेतरी दबलीय किंवा रेग्युलेटर अडकलाय.

गाडी थंड असताना ठीक आणि तापली की बिघडत असेल, तर माझा संशय कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरवर. डॅशबोर्डवरचा काटा बघून फसू नका. अनेक जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या इंजिनच्या कॉम्प्युटरचा वेगळा असतो. कनेक्टर काढून मल्टीमीटर लावा. बऱ्याच सेन्सरना २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास ओहम येतात. इंजिन तापूनही आकडा किलोओहममध्येच असेल तर कॉम्प्युटर थंडीच्या हिशेबाने पेट्रोल ओततोय. थर्मोस्टॅट (कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकून इंजिन नीट तापलंच नाही तरी तेच होतं, पण तेव्हा सेन्सर खरं बोलत असतो.

ऑक्सिजन सेन्सरचा नंबर आत्ता. साध्या चार तारांच्या किंवा एका तारेच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवं. ते ०.८च्या वर, म्हणजे पेट्रोल जास्त असं सांगत, चिकटलं असेल आणि प्लगही काळे असतील, तर सेन्सर बिचारा खरी बातमी देतोय. ताप उतरत नाही म्हणून मी दोनदा थर्मामीटर बदलला, दुसरं काय! उलट धूर काळा आणि व्होल्टेज मात्र खाली पडलेलं असेल, तर सेन्सर फसतोय. त्याच्या अलीकडे सायलेन्सर पाइपला चीर असू शकते, मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) असू शकतो. दोन्हींत जादा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसतो. स्कॅनर लागत असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते बघा. उणे २० टक्क्यांच्या आसपास म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच कपात करतोय. अधिक दिसत असेल तर तो फसलाय.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी तडकलीय का तेही हात फिरवून बघा. एअर फिल्टरवर मात्र वेळ घालवू नका. तो चोंदला की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, ही कार्बोरेटरच्या जमान्यातली गोष्ट. इथे आत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सुटतं.

दुरुस्ती झाली की डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. रेग्युलेटर बदलल्यावरही माझे प्लग पुन्हा काळे झाले होते आणि मी तिसऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या वाटेवर होतो. ऑइलमध्ये मुरलेलं पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढून हवेच्या वाटेवर सोडणाऱ्या) नळीतून इंजिनात परत जात होतं.