जुना ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करताना: आधी कागद आणि चेसिस, इंजिन नंतर

नागपुरात चारही दिशांचे ट्रक येतात, त्यामुळे जुनी गाडी सापडणं इथं अवघड नाही. वाडी, कळमना, कामठी रोड, उमरेड रोड या पट्ट्यात गॅरेजच्या मागे, बाभळीखाली एखादी टाटा 1210 किंवा लेलँड कॉमेट उभी दिसते. नशीब असेल तर बेडफर्ड किंवा फार्गोही. चुकतं ते निवडताना. बहुतेक जण बॉनेट उघडून इंजिन फिरतं का ते पाहतात आणि सौदा करून मोकळे होतात. हे उलटं करायला हवं. बाजारात जे मिळतं ते शेवटी तपासा, जे मिळत नाही ते आधी.

टाटाचं 697 इंजिन (सहा सिलिंडर, 5675 सीसी, मर्सिडीजच्या ओएम 352 वरून घेतलेलं) पूर्ण बसलेलं, म्हणजे जाम झालेलं असलं तरी घाबरू नका. लाइनर-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं मिळतं आणि ते बांधणारे मिस्त्रीही आहेत. मिळत नाहीत त्या वेगळ्याच गोष्टी: मूळ जाळी, डॅशबोर्डचे मीटर, काचेच्या चौकटी, बॉनेटचे बिजागर आणि कड्या. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझचा करार 1954 ते 1969 असा होता. त्या काळातल्या टाटा-मर्सिडीजच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असतो. तो जागेवर असलेली गाडी बसलेल्या इंजिनासकट घ्यावी. चालू इंजिन पण जाळी दुसऱ्याच मॉडेलची, अशी गाडी सोडून द्यावी.

कागद

2021 च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी येतात, मालवाहू ट्रक येत नाही. त्यामुळे "व्हिंटेज नंबर काढून देतो" म्हणणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका. ट्रक रस्त्यावर आणायचा तर तो कागदोपत्री ट्रकच राहतो आणि फिटनेस, कर, विमा सगळं लागतं. सौद्याआधी आरसी बुकातला चेसिस नंबर फ्रेमवरच्या कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. त्यासाठी नंबरची जागा वायर ब्रशने साफ करा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, छाप स्पष्ट उमटते. तिथं ग्राइंडर कधीच लावू नका. अंक पुसट झाले की आरटीओत खोडाखोडीचा संशय येतो आणि प्रकरण अडकतं. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन चढलेली नसते. ही बॅकलॉग नोंद विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घ्या. कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि जुना कर किती थकला आहे, तेही तेव्हाच विचारा.

लष्कराकडून लिलावात निघालेला शक्तिमान (जबलपूरला बनलेला, जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावरचा) घेणार असाल तर विक्रीचं मूळ पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ते नसेल तर गाडी नावावर होणं फार कठीण.

चेसिस

गाडीने आधी कोणता माल वाहिला ते विचारा. कोळसा वाहिलेल्या गाडीची चेसिस आतून खाल्लेली असते, कारण कोळशाची भुकटी चॅनलमध्ये साचते, पावसात भिजते आणि तिचं आम्लट पाणी पत्रा पोखरतं. रेतीच्या गाडीला गंज कमी, पण जास्त भरल्याने मागच्या पाट्याच्या हँगरजवळ तडे जास्त.

अर्धा किलोचा हातोडा घेऊन एकेका रिवेटवर ठोका. घट्ट रिवेट खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द आवाज देतो. बोट दुसऱ्या बाजूला ठेवलं तर ठोक्यागणिक हालचाल जाणवते. रिवेटच्या टोपीखालून लाल रेघ ओघळलेली असेल तर तो आतून हलतोय, नुसता वरचा गंज नाही. असा रिवेट वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेने शेजारचं लोखंड कडक होतं आणि काही महिन्यांत तडा वेल्डच्या कडेनेच जातो. रिवेट ड्रिल करून काढा, भोक रीमरने गोल करा आणि 8.8 किंवा 10.9 ग्रेडचा, भोकात घट्ट बसणारा बोल्ट सेल्फ-लॉकिंग नटसह लावा. मग चेसिसचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक 5-6 मिमीच्या पुढे गेला तर फ्रेम वाकली आहे आणि तिला चेसिस सरळ करणाऱ्या कारखान्यातच न्यावं लागेल.

चाकं खोलण्याआधी

9.00-20 मापाच्या जुन्या चाकांना टायर जागेवर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी रिंग असते. ही रिंग उडून माणसं मेली आहेत, म्हणून इथं घाई नकोच. गाडी जॅकवर चढवण्याआधी, नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाकं असतील तर दोन्हींची. गंजलेली किंवा दुसऱ्या मॉडेलची रिंग परत लावू नका. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा, नळी लांब घ्या आणि समोर उभे राहू नका. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांची आटी उलटी असते, तेव्हा पान्याला पाइप लावून जोर देण्याआधी स्टडच्या टोकावरची खूण पाहा. आधार जॅकचा नको. चेसिसखाली लाकडी स्लीपरचे ठोकळे रचा.

ब्रेक, मग इंजिन

इंजिनाच्या आधी ब्रेक करा. चालू झालेली गाडी कोणीतरी अंगणात हलवून पाहतोच. जुन्या ब्रेक लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असतो, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेने उडवू नका. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचे रबर डिझेलने धुतले तर फुगतात आणि ब्रेक जॅम होतात. ते ब्रेक ऑइलनेच धुवा. हवेची टाकी असेल तर खालचा कॉक उघडून पाणी-तेल काढा आणि टाकी आतून गंजलेली वाटली तर बदला.

बऱ्याच वर्षांपासून उभ्या असलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका. आधी सगळे नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल-निम्मं इंजिन ऑइल असं 50 मिली ओता आणि दोन-तीन दिवस राहू द्या. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने दोन्हीकडे थोडं थोडं हलवा. एका जागी कडक थांबलं तर जोर नको. बहुधा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो आणि जोर दिला की पुशरॉड वाकतो. टॅपेट कव्हर काढून पाहा. फिरायला लागलं की खालचा ऑइल चेंबर खोलून धुवा, नवं ऑइल भरा आणि नोझल न लावताच सेल्फने फिरवून ऑइलचा दाब मीटरवर येतो का ते बघा. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनलेट 0.20 मिमी, एक्झॉस्ट 0.30 मिमी (हे 697 साठी). फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4.

डिझेल पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर तपासून आणल्याशिवाय लावू नका. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) चिकटलेला असेल तर इंजिन पहिल्याच स्टार्टला सुसाट सुटतं आणि किल्लीने बंद होत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला एक माणूस लाकडी फळी घेऊन इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी उभा ठेवा; तोंड झाकलं की इंजिन मरतं. जुन्या प्रीचेंबर इंजिनांचे (ज्यांत डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटतं) नोझल बऱ्याच कमी दाबावर उघडतात, त्यांत 697 चे घालू नका. त्या इंजिनांचे हीटर प्लग एकामागून एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे थंड.

केबिन, हौदा, रंग

रंग खरवडण्याआधी जुनी अक्षरं जपा. दारावरचं मालकाचं नाव, फाळक्यावरची नक्षी, परमिटची ओळ, सगळ्यावर बटर पेपर ठेवून ट्रेसिंग घ्या आणि शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. पेंटरच्या हाताचं वळण पुन्हा मिळत नाही. मग बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा दाराच्या चौकटीत रुपयाएवढी जागा निवडून 400 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने गोल गोल घासा. मध्ये पत्रा दिसेपर्यंत आणि बाहेर कडा पसरट ठेवत घासलं की एकेक थर कड्यासारखा दिसतो, उदाहरणार्थ वरचा केशरी, त्याखाली पिवळा, मग हिरवा आणि शेवटी लाल ऑक्साइडच्या लगतचा कंपनीचा रंग. जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नका, मास्क लावा.

हौद्याच्या फळ्या आणि केबिनचा सांगाडा यांसाठी लकडगंजात वाळलेलं लाकूड निवडून घ्या. ओलं सागवानही नागपूरच्या उन्हात आक्रसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. नव्या लाकडात बोल्ट बसवण्याआधी भोकाला आतून रंग लावा, कुज तिथूनच सुरू होते.

रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. एप्रिल-मेमध्ये पत्रा हाताला चटका देतो. फवाऱ्यातला थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात प्रायमर ओल धरतो आणि वर्षभरात फोड येतात. प्रायमर मारून गाडी पावसात उभी ठेवणं सगळ्यात वाईट, त्यापेक्षा जुना रंग तसाच राहू द्या.

गाडी तयार झाली की दर महिन्याला आयडलवर दहा मिनिटं चालवून बंद करू नका. त्याने इंजिन गरम होत नाही, ऑइलमध्ये पाणी तेवढं साठतं. रस्त्यावर 15-20 किमी फिरवा, सगळे गिअर टाका, ब्रेक दाबा आणि उभी करताना हवेच्या टाकीचा कॉक उघडा. मृग लागण्याआधी डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या जागेत पाणी सुटतं आणि ते पंपात जातं.