भूमध्य सागराकाठची जुनी घरं दुरुस्त करताना या चुका टाळा

जुलैतली दुपार होती. जेवणाच्या सुट्टीनंतर परांचीवर चढलो, तर सकाळी लावलेल्या राखाडी थर्माकोलच्या पाट्यांच्या कडा भिंतीपासून सुटून बोटभर बाहेर आलेल्या. स्पेनमधल्या वलेन्सियाजवळची ही सत्तरच्या दशकातली चार मजली इमारत. तिला बाहेरून इन्सुलेशन चढवायचं काम चाललं होतं. गवंडी अनुभवी होते, गोंदही चांगल्या प्रतीचा होता. फक्त परांचीला सावलीची जाळी बांधली नव्हती. ग्राफाइट मिसळलेला राखाडी थर्माकोल पांढऱ्यापेक्षा उष्णता जास्त अडवतो, पण उन्हात तो भराभर तापतो आणि गोंद धरायच्या आत वाकतो. पश्चिमेच्या भिंतीवरचं त्या दिवसाचं सगळं काम आम्हाला उतरवावं लागलं.

या भागात घर ऊर्जेच्या दृष्टीने सुधारायचं काम करणाऱ्यांच्या चुका बहुतेक अशाच असतात. सामान बरोबर असतं, माणसंही हुशार असतात, पण इथलं ऊन, इथली भिंत आणि शेजारी काम करणारा दुसरा कारागीर यांचा विचार राहून जातो. युरोपात साइटवर असलेल्या मराठी इंजिनिअर मित्रांसाठी आणि तिथे जुनं घर घेऊन दुरुस्त करायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो आणि उन्हाळा संपतो. भूमध्य हवामानात उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस थंडीत पडतो. म्हणजे ओल आणि गारठा एकत्र येतात. त्यातून घरं अशी, की स्पेन आणि ग्रीस या दोन्ही देशांत इन्सुलेशनचे नियम आले 1979 साली आणि पोर्तुगालमध्ये 1990 साली. त्याआधीच्या लाखो घरांच्या भिंतींत काहीच नाही. स्पेनमध्ये पोकळ विटांच्या दोन थरांमध्ये नुसती हवेची फट सापडते.

फक्त थंडीचा हिशोब करणे

बाहेरून थर चढवायची पद्धत जर्मनीत वाढली. तिथे मुख्य चिंता घर ऊबदार ठेवायची. तोच हिशोब उचलून दक्षिणेकडे आणला, की हिवाळ्याचं बिल उतरतं आणि ऑगस्टमध्ये घराची भट्टी होते. आत आलेली उष्णता चांगलं इन्सुलेशन बाहेरही जाऊ देत नाही.

म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून खोलीत आलेलं असतं. वलेन्सियात 21 जूनला दुपारी सूर्य साधारण 74 अंशांवर असतो आणि 21 डिसेंबरला 27 अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा दिला, तर उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि थंडीतलं आत येतं. पूर्व-पश्चिमेला सूर्य खाली असतो, तिथे छज्जा कुचकामी. तिथे उभं शटर किंवा झडपाच हव्यात.

इथे एक चूक मला फार सलते. जुन्या खिडक्यांवर गुंडाळून वर जाणारं शटर असतं, स्पॅनिशमध्ये पर्सियाना म्हणतात. नूतनीकरणात ते ‘जुनाट दिसतं’ म्हणून काढून टाकतात. शतकभराचं शहाणपण असं कचऱ्यात जातं. पर्सियानाचा दोष एकच: तिच्या वरच्या पेटीतून वारा घरात शिरतो. पेटीला आतून इन्सुलेशन लावा, झाकणाच्या कडा सील करा, पट्टा जिथून आत येतो त्या भोकाला ब्रश लावा. शटर मात्र राहू द्या.

गच्चीकडेही आधी बघा. उन्हाळ्यात घराला सर्वात जास्त मार तिथेच बसतो. वरच्या मजल्यावरचा माणूस नव्या एसीची किंमत विचारत असेल, तर त्याला आधी गच्चीचं इन्सुलेशन आणि पांढरा लेप सुचवा. एसी किती टनाचा घ्यायचा ते त्यानंतर ठरवा.

रात्री खिडक्या उघडून घर गार करायचा सल्ला समुद्रापासून दूर, स्पेनच्या आतल्या पठारावर चालतो, कारण तिथे रात्री पारा चांगला उतरतो. किनाऱ्यावर ऑगस्टच्या रात्री दमट असतात आणि पारा कित्येकदा वीसच्या खाली येत नाही. तिथे छताचा पंखाही हवा.

पाटीमागे गोंदाचे नुसते ठिपके

घाईत गवंडी पाटीवर गोंदाचे पाच ठिपके देतो आणि भिंतीला दाबतो. दिसायला छान दिसतं. पण मागे मोकळी फट राहते, तिच्यातून हवा वर चढते आणि इन्सुलेशन बरंचसं वाया जातं. पुढे पाट्या उशीसारख्या फुगतात आणि सांधे बाहेरून मोजता येतात. कडेने गोंदाची अखंड पट्टी काढा, मध्ये ठिपके द्या आणि निदान 40 टक्के भागाला गोंद लागला पाहिजे. खात्री करायची असेल तर लावलेली एक पाटी लगेच उचकटून मागची बाजू बघा. मी रोज एक उचकटतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल, तर तिथे गिलाव्यात दाबायच्या जाळीचा तिरका तुकडा लावलेला नाही. जाळी थेट थर्माकोलवर ताणून वर गिलावा केला असेल, तर ती असून नसल्यासारखी. आधी लेप, त्यात जाळी दाबायची, वर पुन्हा लेप. दोन पट्ट्या एकमेकींवर 10 सेंटिमीटर चढवायच्या.

खिडक्या नव्या, बुरशीही नवी

हा फोन मला दर डिसेंबरला येतो. ‘महागड्या खिडक्या लावल्या आणि बेडरूमच्या कोपऱ्यात काळे डाग आले.’ जुन्या अॅल्युमिनियमच्या खिडकीतून वारा सुटायचा, त्याबरोबर स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ निघून जायची. आता घर बंद झालं आणि वाफ जाऊन बसते सर्वात थंड जागी: काँक्रीटचा खांब, बाहेर गेलेल्या बाल्कनीचा स्लॅब, खिडकीच्या चौकटीभोवतीची उघडी भिंत. डाग ब्लीचने पुसून काही होत नाही. हवा येण्याजाण्याची कायमची सोय करा आणि चौकटीभोवतीच्या भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर का होईना, इन्सुलेशन वळवून घ्या. खिडक्या आणि भिंत यांचं काम वेगळ्या वर्षी होणार असेल, तर चौकट बसवतानाच ती जागा सोडून ठेवा.

गावातल्या दगडी घरांना सिमेंटचा गिलावा मात्र करूच नका. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून वाळून जाते. सिमेंटने ती कोंडली जाते. पुण्यातल्या ज्यांनी वाड्याच्या भिंतींना सिमेंट थापलं, त्यांनी ही फुगलेली खपली पाहिलेली आहे. चुना वापरा, चुन्यात बुचाचा भुगा घातलेला गिलावा आणखी चांगला.

कारागिरांना वेगवेगळं शिकवणे

युरोपीय संघाने 2011 मध्ये ‘बिल्ड अप स्किल्स’ हा उपक्रम सुरू केला तो कारागिरांच्या हातचं कौशल्य वाढावं म्हणून. गरज किती खरी होती, ते इटलीत दिसलं. 2020 मध्ये सरकारने खर्चाच्या 110 टक्के करसवलत जाहीर केली, कामांचा पूर आला आणि परांच्यांपासून शिकलेल्या हातांपर्यंत सगळ्याचीच टंचाई झाली.

पण वर्गात बसवून स्लाइड दाखवल्याने गवंड्याचा हात बदलत नाही. त्यात अनेक जण मोरोक्को किंवा रुमानियाहून आलेले. स्पॅनिश बोलतात, पण तांत्रिक पुस्तिका वाचायला त्यांना जड जाते. दुसरी चूक मोठी: गवंड्यांचा वर्ग वेगळा, खिडकीवाल्यांचा वेगळा, वायरमनला तर बोलावतही नाहीत. घर गळतं ते या तिघांच्या कामांच्या सांध्यावर.

आम्ही खोलीएवढा नमुना उभा करतो. एक खिडकी, एक खांब, बाल्कनीचा तुकडा, दोन स्विचबोर्ड. सगळे मिळून काम करतात. मग दाराला पंखा लावून आतली हवा बाहेर ओढतो, आत-बाहेरच्या दाबात 50 पास्कलचा फरक पाडतो, म्हणजे फटींतून वारा आत येतो, आणि प्रत्येकाला हाताची पालथी बाजू ओली करून फिरायला सांगतो. एकदा एका वायरमनने स्वतःच्याच बोर्डापाशी हात धरला आणि तसाच थांबला. गार वाऱ्याची झुळूक त्याच्या मनगटावर येत होती. ते भोक त्यानेच सकाळी पाडलं होतं. काही न बोलता तो टेप आणि रबरी कॉलर घेऊन आला, आणि दुसरं भोक पाडण्याआधी गवंड्याला हाक मारली.

खऱ्या कामावर ही चाचणी जिप्समचे बोर्ड बंद करण्याआधी करा. नंतर केली तर गळती कळते, पण हात पोचत नाही.