बीपी पडलं की आधी इको

कार्डिओलॉजीच्या डीएमला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितेय: अँजिओप्लास्टी करताना हृदयाची धमनी (कोरोनरी) फुटते, त्याबद्दल. अशा फुटण्याचं एलिसचं 1994चं वर्गीकरण तुम्हाला पाठ असेलच. त्यातला टाइप थ्री, म्हणजे उघडं भोक, सरळ डोळ्यांसमोर घडतो: सिनेवर (एक्स-रेच्या चलचित्रावर) कॉन्ट्रास्ट, म्हणजे धमनीत सोडलेला रंग, भसाभस बाहेर. वायर (धमनीत घातलेली बारीक तार) काढायची नाही, बलून लगेच तिथेच नेऊन कमी दाबावर फुगवायचा. गळती थांबली की कव्हर्ड स्टेंटचा (भोक झाकणाऱ्या, आवरण लावलेल्या जाळीचा) विचार करायला उसंत मिळते. तो कुठल्या कपाटात आहे आणि कुठल्या मापाचा आहे, हे मात्र टेक्निशियनला आजच विचारून ठेवा.

खरा घात वायरच्या टोकाने होतो. एका हॉस्पिटलात एलएडीची (हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीची) साधी केस होती. स्टेंट झकास बसला, सर चहाला गेले. नंतर सीसीयूत (हृदयरोग्यांच्या आयसीयूत) फेमोरल शीथ, म्हणजे जांघेतली नळी, काढताना बीपी 70. सगळे म्हणाले, व्हेगल, म्हणजे वेदनेने व्हेगस नस चाळवून बीपी पडलं. पाय वर केले, सलाईन सोडलं, पल्स वाढवणारं ॲट्रोपिन दिलं. बीपी जरा चढलं, पुन्हा पडलं. पल्स 120, तर ती म्हणे ॲट्रोपिनमुळे. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं! वॉर्डबॉय मामांनी इकोचं मशीन ढकलत आणलं तेव्हा हृदयाभोवती रक्त आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैलावताना) आरव्ही, म्हणजे उजवा खालचा कप्पा, चेपलेला. पिगटेल नळी टाकून रक्त ओढलं तसं बीपी वर आलं. मग सिने पुन्हा लावली. हायड्रोफिलिक (निसरड्या लेपाची) वायर डायगोनलच्या, म्हणजे एलएडीच्या बाजूच्या शाखेच्या, पार शेवटच्या फांदीत शिरलेली आणि फ्रेमच्या अगदी कडेला कॉन्ट्रास्टचा पुसटसा डाग.

अशी गळती मुंगीच्या पावलांनी येते, टेबलावर काही दिसत नाही, तासांनंतर टॅम्पोनाड होतो, म्हणजे साठलेलं रक्त हृदयाला दाबतं. म्हणून शेवटचा शॉट घाईत उरकू नका. आर्टरीचं शेपूट फ्रेममध्ये येईपर्यंत सिनेचं पेडल सोडू नका. हायड्रोफिलिक वायरने ब्लॉक ओलांडला की साधी वायर बदलून घ्या. 'कशाला वेळ घालवतेस' म्हणणारे सर भेटतील. रात्री सीसीयूत तुम्ही असता, ते नसतात. बायपास झालेल्या पेशंटमध्ये रक्त हृदयाभोवतीच एका कप्प्यात साठतं, तिथे छातीवरचा इको नॉर्मल दिसला तरी निर्धास्त होऊ नका.

घाबरून मात्र जाऊ नका. बारीक फांदीतली गळती पुष्कळदा बलून काही मिनिटं फुगवून ठेवला की थांबते. नाही थांबली तर मायक्रोकॅथेटरमधून (अगदी बारीक नळीतून) कॉईल, म्हणजे फांदी बुजवणारं तारेचं वेटोळं. कॉईल स्टॉकमध्ये नसेल तर पेशंटच्याच जांघेतली चरबी कणाएवढी कापून, कॉन्ट्रास्टमध्ये भिजवून आत सोडतात. गावठी वाटतं, पण चालतं. प्रोटामिनची (हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या उताऱ्याची) घाई नको: वायर-बलून कोरोनरीत असताना दिलं तर आतच गुठळी व्हायची. आणि सिस्टरांना हॅण्डओव्हर देताना 'केस सुरळीत' एवढंच लिहू नका, कुठली वायर वापरली तेही लिहा.